पक्ष लेखकाचा, जबाबदारी प्रकाशकाची

काशीत मणिकर्णिकेवरून उत्तरेकडे निघाले की शिंदे घाट आणि संकठा घाट मागे टाकल्यावर थोड्याच अंतरावर भोसले घाट येतो. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो बांधला. भक्कम दगडी चिरेबंदी, वर वाडा आणि लक्ष्मीनारायणाचे मंदिर. अहिल्याबाईंनी पुन्हा उभारलेले विश्वनाथ मंदिर, बायजाबाई शिंद्यांनी १८३० मध्ये बांधविलेला शिंदे घाट आणि हा भोसले घाट अशी काशीतल्या मराठी पुण्याईची यादी मराठी पुस्तकांतून अभिमानाने सांगितली जाते, आणि त्या अभिमानात खोटे काही नाही. पण त्याच शहराच्या दक्षिण टोकाला दुर्गाकुंडावर दुर्गेचे लाल मंदिर आहे. ते बंगालमधल्या नाटोरच्या राणी भवानींनी बांधले. राणी भवानींच्या प्रांतात नागपूरकर भोसल्यांची ओळख घाट बांधणारे धर्मनिष्ठ राजे अशी नव्हती. पहिल्या रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये फौज घेऊन बंगालात उतरले, आणि पुढची नऊ वर्षे त्या मुलखाने जाळपोळ, लूट आणि पळापळ पाहिली. कलकत्त्याच्या इंग्रजांनी संरक्षणासाठी खंदक खणला, तो मराठ्यांच्याच नावाने ओळखला गेला. १७५१ च्या तहाने बारा लाखांची चौथ ठरली आणि ओरिसा भोसल्यांकडे आला, तो १८०३ मधल्या देवगावच्या तहापर्यंत त्यांच्याकडेच राहिला. म्हणजे घाट बांधला गेला त्या काळात ओरिसाचा वसूल नागपूरच्याच खजिन्यात जमा होत होता. घाटाच्या कोणत्या चिऱ्याला कुठला पैसा लागला हे वेगळे काढता येणार नाही, पण खजिना एकच होता.

पुस्तकांच्या प्रकाशनातला राजकीय पक्षपात हा या प्रस्तावनेचा विषय आहे, आणि तो भोसले घाटापासून सुरू करण्याचे कारण एवढेच की येथे दोन्ही बाजूंना आपापली पुस्तके आहेत आणि दोन्ही बाजूंचे वाचक बहुधा एकच पुस्तक वाचतात. मराठीत काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर आहे. बंगालीत गंगाराम नावाच्या कवीचे 'महाराष्ट्र पुराण' आहे. ते १७५१ चे, म्हणजे जे घडत होते त्याच्या अगदी लगतचे. बखर भोसल्यांच्या दरबाराच्या बाजूने पाहते, गंगाराम उद्ध्वस्त गावांच्या बाजूने पाहतो. पण गंगारामाचे काव्य बारकाईने पाहिले तर आपल्या समजुतीला धक्का बसतो. त्याच्या कथेत मराठे आपण होऊन येत नाहीत. पापाच्या भाराने पृथ्वी गांजते, ब्रह्मदेवाकडे जाते, आणि शिवाच्या इच्छेने शाहूराजाच्या मनात बंगालवर फौज पाठवण्याची प्रेरणा उत्पन्न होते. म्हणजे आरंभी मराठे हे दैवी शासनाचे हत्यार आहेत. पुढे त्यांनी ब्राह्मण, वैष्णव आणि स्त्रिया यांच्यावर अत्याचार केले तेव्हा देवी रुष्ट होऊन नवाबाच्या बाजूला जाते. आणि तो नवाब, अलीवर्दीखान, १७४४ मध्ये वाटाघाटीच्या निमित्ताने भास्कररामांना बोलावून छावणीत ठार करतो, त्याची हकिगतही गंगाराम देतो. हा कवी निःपक्षपाती नाही. पण त्याचा पक्ष हिंदू-मुसलमान या आजच्या चौकटीत बसत नाही, मराठा-बंगाली या चौकटीतही बसत नाही. हे कळायला काव्य पूर्ण छापलेले हवे. त्यातला फक्त जाळपोळीचा भाग उचलून छापला तर गंगाराम मराठ्यांचा द्वेष्टा ठरेल, आणि फक्त शिवाच्या इच्छेचा भाग छापला तर मराठ्यांचा भाट ठरेल.

माझे म्हणणे येथून सुरू होते. निःपक्षपात लेखकाच्या मनात शोधत बसण्यात अर्थ नाही, तो प्रकाशनाच्या रीतीत शोधला पाहिजे. लेखकाला पक्ष असतोच, आणि ज्याला कोणताच पक्ष नाही असा माणूस बहुधा पुस्तक लिहिण्याच्या खटाटोपात पडत नाही. प्रश्न असा की कागद पूर्ण छापला की कापून, कोणाच्या सांगण्यावरून छापला हे वाचकाला सांगितले की लपवले, आणि खोडून काढू पाहणाऱ्याच्या हाती त्यासाठी लागणारा पुरावा राहिला की नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांचे चरित्र जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिले, आणि ही गोष्ट त्याने लपवली नाही. त्यामुळे तीनशे वर्षांनंतरही आपण सभासद वाचताना त्याचा कल जमेस धरू शकतो. आज्ञेने लिहिलेले पुस्तक म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. आज्ञा झाकली असती तर मात्र ते घातक ठरले असते.

मराठीत याचा सर्वांत मोठा दाखला इतिहासाचार्य राजवाड्यांचा आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्याला जोडलेली प्रस्तावना आजही अभ्यासकांना वाचावी लागते. राजवाडे निःपक्षपाती होते असे त्यांचा भक्तही म्हणणार नाही. जातीचा अभिमान, मतांचा हट्ट, विरोधकांविषयीची तुच्छता हे सगळे त्या प्रस्तावनांत उघड आहे. पण प्रस्तावनेखाली त्यांनी जी पत्रे छापली ती जशीच्या तशी छापली. त्यामुळे राजवाड्यांना खोडून काढायचे झाले तर त्यांच्याच खंडांतली साधने उघडता येतात, आणि पुढच्या पिढ्यांनी तसे केलेही. कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी केलेल्या लेखनाला प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९१८ मध्ये 'कोदंडाचा टणत्कार' हे पुस्तक लिहून उत्तर दिले. राजवाड्यांचे छपाईचे काम बंद पाडा अशी मागणी करणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी लेखणी उचलली. उघड पक्षपाताला उघड प्रत्युत्तर मिळाले आणि दोन्ही कागद आपल्यापर्यंत आले. इतिहासाच्या दृष्टीने यात नुकसान कोणाचेच झाले नाही.

आणखी एक घराणे येथे आठवायला हवे, कारण भोसल्यांच्या त्या स्वाऱ्यांचा प्रदेश, काशी आणि छापखाना हे तिन्ही त्यात एकत्र येतात. सखाराम गणेश देऊस्कर हे देवघरजवळच्या मराठी कुटुंबात १८६९ मध्ये जन्मले, बंगालीत लिहीत, आणि कलकत्त्याच्या 'हितवादी' या पत्रात काम करत. ज्या बंगालात आया मुलांना बर्गींची, म्हणजे मराठी घोडेस्वारांची, भीती घालून झोपवत, त्या बंगालात देऊस्करांनी शिवाजी महाराजांवर पुस्तके लिहिली, आणि त्यांच्या 'शिवाजीर दीक्षा' या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये 'शिवाजी-उत्सव' ही कविता दिली. हे काही इतिहासाचे निर्विकार लेखन नव्हते. बंगाल आणि महाराष्ट्र यांना एका राजकीय ध्येयासाठी जवळ आणण्याचा तो उघड प्रयत्न होता. त्याच वर्षी निघालेला त्यांचा 'देशेर कथा' हा ग्रंथ तर ब्रिटिश राज्यात देशाची लूट कशी होते हे आकडेवारीने मांडणारा होता. १९१० मध्ये सरकारने तो जप्त केला. सरकारी दृष्टीने तो पक्षपाती होता, आणि सरकारचे म्हणणे एका अर्थाने बरोबरही होते. पण जप्तीने त्यातला एकही आकडा खोटा ठरला नाही, वाचकाला तपासून पाहण्याची सोय तेवढी गेली. आणि दडपण केवळ सरकारचेच आले असेही नाही. सुरतच्या काँग्रेसनंतर टिळकांविरुद्ध लिहावे अशी 'हितवादी'च्या मालकपक्षाची अपेक्षा होती. देऊस्करांनी ती नाकारली आणि नोकरी सोडली.

या देऊस्करांचे भाचे म्हणजे बाबूराव विष्णू पराडकर. काशीत १८८३ मध्ये मराठी घरात जन्मलेल्या या माणसाने मामाच्या ग्रंथाचे 'देश की बात' म्हणून हिंदी रूप केले आणि पुढे काशीच्या 'आज' या दैनिकाला हिंदी पत्रसृष्टीत मानाचे स्थान मिळवून दिले. १९२५ मध्ये वृंदावनच्या संपादक संमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी सांगितले होते की पुढे पत्रे देखणी होतील, भांडवल वाढेल, खप वाढेल, पण संपादकाचे स्वातंत्र्य आक्रसत जाईल. पराडकर हे उघडपणे राष्ट्रीय चळवळीच्या बाजूचे होते, त्यांनी तुरुंग पाहिला होता आणि १९३० च्या चळवळीत गुप्तपणे 'रणभेरी' काढण्याच्या कामातही ते होते. तरी त्यांना भीती वाटली ती मताच्या माणसाची नाही, मत विकत घेणाऱ्या भांडवलाची. शंभर वर्षांनी पुस्तकांच्या धंद्याकडे पाहताना त्यांचे ते निदान मला फार नेमके वाटते.

आता सरकार स्वतःच प्रकाशक होते तेव्हा काय करावे? याचे उत्तर महाराष्ट्राला १९८७-८८ मध्ये रस्त्यावर उतरून शोधावे लागले. नागपूरच्या वस्तीत वाढलेल्या वसंत मून यांच्या संपादनाखाली राज्य शासन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन खंडशः प्रसिद्ध करत होते. चौथ्या खंडात 'रिडल्स इन हिंदुइझम' हे हस्तलिखित आले. त्यातल्या राम आणि कृष्ण यांच्याविषयीच्या मजकुरावरून आंदोलन उभे राहिले. तो भाग वगळण्याकडे शासनाचा कल दिसताच फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत आंबेडकरी जनतेचा प्रचंड मोर्चा निघाला. अखेर तोडगा निघाला तो असा: मजकूर कायम राहील, आणि शासन या मतांशी सहमत नाही अशी टीप त्याला जोडली जाईल. या तोडग्याला अनेकांनी राजकीय तडजोड म्हटले, आणि ती तडजोड होतीच. पण मला त्यात प्रकाशनाचा एक शहाणा नियम दिसतो. लेखकाचा शब्द पूर्ण राहिला, प्रकाशकाने आपली भूमिका स्वतःच्या नावाने वेगळी नोंदवली, आणि निवाडा वाचकाकडे आला. खासगी प्रकाशकांनाही हीच वाट मोकळी आहे. असहमतीची टीप छापायला अर्धे पान लागते. प्रकरण कापले तर लेखकाचे म्हणणे कायमचे जाते.

याच्या उलट मार्ग कुठे नेतो ते पंधरा वर्षांनी पुण्याने पाहिले. जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरचे इंग्रजी पुस्तक २००३ मध्ये निघाले. त्यातल्या एका उल्लेखावर इतिहासाच्या अभ्यासकांनीच तीव्र आक्षेप घेतला, आणि तो आक्षेप गंभीर होता. जिजाऊंच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारी कुजबुज पुराव्याशिवाय पुस्तकात उतरवणे हे संशोधन नाही, असे म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. प्रकाशकाने नोव्हेंबर २००३ मध्ये भारतातून पुस्तक मागे घेतले. त्याने वातावरण निवळले का? डिसेंबरात एका ज्येष्ठ संस्कृत पंडिताच्या तोंडाला काळे फासले गेले आणि ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला. त्या संस्थेने पुस्तक लिहिले नव्हते की छापले नव्हते. लेखकाने तिथल्या अभ्यासकांचे आभार मानले होते, एवढाच तिचा संबंध. मोडतोड झाली ती पोथ्या, ग्रंथ आणि जुन्या वस्तूंची, म्हणजे ज्या साधनांवरून लेन यांचे म्हणणे खोडून काढता आले असते त्यांचीच. त्यानंतर राज्य सरकारने बंदी घातली. ती उच्च न्यायालयाने उठवली आणि ९ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम केला. एवढ्या सगळ्या काळात त्या उल्लेखाचे पुराव्यानिशी खंडन किती मराठी वाचकांच्या हाती पडले? गोंगाट सर्वांना ऐकू आला, खंडन थोड्यांना.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या अवहेलना सोसली, त्याला 'पुस्तकाला पुस्तकाने उत्तर द्या' असे सांगणे सोपे आहे, पण छापखाने, विद्यापीठे आणि नियतकालिके ज्यांच्या हाती होती त्यांनाच ते परवडते. हा आक्षेप खरा आहे. महात्मा फुल्यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे दलित लेखकांना स्वतःची नियतकालिके उभी करावी लागली, ती याच कारणाने. पण यावरून निष्कर्ष निघतो तो पुस्तके मागे घेण्याचा नाही. ज्यांना छापायला जागा नव्हती त्यांना जागा मिळाली पाहिजे, असा तो आहे. बंदीचे हत्यार एकदा घडवले की ते बलवानाच्या हाती जाते. १९८७ मध्ये त्या हत्याराचे पाते आंबेडकरांच्याच हस्तलिखिताकडे वळले होते, हे विसरून चालणार नाही. खोट्या बदनामीला न्यायालयाची वाट आहे, हिंसेच्या चिथावणीला कायदा आहे. या दोन्ही मर्यादांच्या अलीकडचे जे काही असेल ते छापलेले आणि तपासता येण्याजोगे असावे.

दुसरा आक्षेप प्रकाशकांचा आहे. आपल्या पैशाने आपण काय छापावे हे आपण ठरवणार, विरोधी मताचे पुस्तक काढायला आपण बांधलेले नाही, असे ते म्हणतात. हेही मान्य आहे. लंडनचे व्हिक्टर गोलँझ उघडपणे डाव्या विचारांचे प्रकाशक होते. स्पेनच्या यादवीवरचे जॉर्ज ऑर्वेल यांचे पुस्तक त्यांनी नाकारले आणि ते १९३८ मध्ये दुसऱ्याने छापले. पुढे रशियाच्या मैत्रीच्या काळात 'अ‍ॅनिमल फार्म' अनेकांनी नाकारले, त्यात टी. एस. एलियट संचालक असलेली फेबर ही प्रख्यात संस्थाही होती. १९४५ मध्ये ते निघाले तेव्हा प्रकाशकांच्या या भित्रेपणावर ऑर्वेल यांनी लिहिलेली प्रस्तावना मात्र पुस्तकात आली नाही, ती १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. यातून दिसते ते असे की उघड पक्ष घेणारा प्रकाशक फारसे नुकसान करत नाही, कारण त्याने नाकारलेल्या लेखकाला पुढचे दार कुठे आहे हे कळते. सगळी दारे एकाच वेळी आणि एकाच भीतीने बंद होतात तेव्हा अनर्थ होतो, आणि त्या वेळी कोणी 'आम्हाला हे मत पटत नाही' असे म्हणत नाही. 'सध्या वेळ बरोबर नाही' एवढेच म्हटले जाते.

मराठीत ही भीती पैशाच्या वाटेने येते. कथा-कादंबऱ्या सोडल्या तर वैचारिक पुस्तकाची पहिली आवृत्ती छोटी असते, आणि तिचा मोठा भाग ग्रंथालयांत जातो. ही ग्रंथालये १९६७ च्या कायद्यानंतर शासकीय अनुदानावर चालत आली आहेत. त्यामुळे शासन बंदी न घालताही पुस्तकाचे भवितव्य ठरवू शकते: खरेदीच्या यादीतून, अनुदानातून, पुरस्कारातून. डिसेंबर २०२२ मध्ये, माओवादी असल्याच्या आरोपावरून तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधी यांच्या तिथल्या आठवणींच्या मराठी अनुवादाला राज्य पुरस्कार जाहीर झाला आणि काही दिवसांतच शासन निर्णय काढून तो रद्द करण्यात आला. निवड तज्ज्ञांनी केली होती, रद्द करण्याचा निर्णय प्रशासनाने घेतला. निषेध म्हणून लेखकांनी राजीनामे दिले, काहींनी स्वतःचे पुरस्कार परत केले. पुस्तकावर बंदी नव्हती. पण त्या आठवड्यात आणखी किती हस्तलिखिते प्रकाशकांच्या टेबलावरून हळूच परत गेली असतील, त्याची नोंद कुठेही होत नाही. सरकार उजवे असो की डावे, हे तंत्र तेच राहते. म्हणून आवडत्या सरकारने केलेला हस्तक्षेपही नावडत्या सरकारच्या हस्तक्षेपाइतकाच ठामपणे नाकारला पाहिजे.

यावर मागणी साधी आहे. इतिहास आणि राजकारण यांवरच्या प्रत्येक पुस्तकात ते कोणाच्या अनुदानाने, कोणत्या संस्थेच्या किंवा घराण्याच्या मदतीने निघाले हे छापावे. जुना ग्रंथ किंवा अनुवाद काढताना काही वगळले असेल तर कुठे आणि का वगळले ते सांगावे. प्रकाशक असहमत असेल तर त्याने स्वतःच्या सहीने तसे लिहावे. वाद उठला तर पुस्तक मागे घेण्याऐवजी पुढच्या आवृत्तीत आक्षेप आणि उत्तर दोन्ही जोडावीत. अभ्यासक्रमाला नेमल्या जाणाऱ्या पुस्तकांना तर हे बंधन अधिकच कडक असावे, कारण ते पुस्तक मुलाने स्वतः निवडलेले नसते. आणि महाराष्ट्राच्या इतिहासाचे जे कपाट कोणत्याही तालुक्याच्या ग्रंथालयात असते, त्यात भोसल्यांच्या बखरीशेजारी गंगारामाचे काव्य, टिपांसह आणि पूर्ण, असायला हवे. भोसले घाटाच्या पायऱ्यांवर उभ्या राहणाऱ्या मराठी यात्रेकरूला ज्यांनी हा घाट बांधला त्यांचा सगळा इतिहास कळण्याचा हक्क आहे. तो कळल्याने घाट लहान होत नाही.

वाचकांकडेही एक मागणे आहे. पुढची पाने वाचताना, आणि इतर कोणतेही पुस्तक हाती घेताना, मुखपृष्ठ उलटल्यावर लगेच जे पान येते ते आधी वाचा: प्रकाशक कोण, मदत कोणाची, आवृत्ती कितवी, मूळ संहिता कोणती. तिथे उत्तर नसेल तर प्रकाशकाला पत्र लिहून विचारा.